ताईची जॉयस्टिक

ताईचं पत्र कुठल्या पुस्तकात, कितव्या पानाशी ठेवलंय, हे ग्रंथपालांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. नोकरी संपून बराच काळ लोटला तरी सगळे त्यांना ग्रंथपालच म्हणत. पत्र त्यांना पाठ होतं. उत्तर तेवढं दिलेलं नव्हतं.

‘पुस्तक्या,’ ताईने लिहिलं होतं, ‘जावयाने माझ्या कॉम्प्युटरवर आपला पाणबुड्याचा खेळ घालून दिलाय. तोच तो जुना! पण माझी बोटं आता वळत नाहीत. कीबोर्डवर एक बटण दाबायला जावं तर तीन दाबली जातात. गेम पार्लरमध्ये होती तशी मुठीत धरायची जॉयस्टिक मिळाली तर अजून खेळेन. तू करून दे. सातवी गुहा पार केल्याशिवाय मी कुठेही जाणार नाही, यमाला तसं कळवलंय. जमणार नसेल तर नाही म्हण, पण गप्प बसू नकोस.’

आणि ग्रंथपाल नेमके गप्प बसले होते. हो म्हणायची छाती नव्हती आणि नाही म्हणायला जीभ रेटत नव्हती. फोन करावा तर ताईला ऐकू येत नसे. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे आवाज जोडून दिलेल्या बाईवर म्हातारपणी कानच रुसले होते.

एक्स्चेंजमध्ये होती तेव्हा ड्यूटी सुटली की ती थेट गेम पार्लरमध्ये शिरायची. आत सगळी पोरं आणि मधोमध ही एकटी, बाह्या सरसावून. ती पोरं तिला कॅप्टन म्हणत. शेजारी धाकटा भाऊ, म्हणजे हेच ग्रंथपाल, तिची पर्स आणि डबा सांभाळत उभा.

“तूही खेळ की रे!”

“नको. मी बघतो.”

वर्षानुवर्षं त्यांनी नुसतं बघितलं. पाणबुड्याने तळाशी जाऊन मोती उचलायचा आणि दम संपायच्या आत वर येऊन श्वास घ्यायचा. सहा गुहा ताई हसत पार करायची. सातवीतली वाम, ती सापासारखी लांब मासळी, तिला दरवेळी गिळायची.

परवा पुस्तकं झटकताना ते पत्र बायकोच्या हाती लागलं. तिने उभ्याउभ्याच वाचून काढलं.

“अहो, बहीण एवढं मागतेय आणि तुम्ही मिठाची गुळणी धरून बसलात?”

“मला जमेल का, याचा विचार करत होतो.”

“विचारच करायचा तर दुकानात जाऊन करा.”

दुकानात स्वस्तातला एक संच होता. लाल गोळ्याची दांडी, सहा बटणं, तारांचं भेंडोळं आणि कॉम्प्युटरला जोडायचा काडेपेटीएवढा बोर्ड.

“नातवाने मागवलंय का, काका?” दुकानदाराने विचारलं.

“थोरल्या बहिणीने,” ग्रंथपाल पुटपुटले.

दुकानदाराने संच पिशवीत घालायचा थांबवून त्यांच्याकडे नीट पाहून घेतलं.

बायकोने आपली शिवणकामाची लाकडी पेटी रिकामी करून दिली. झाकणावर भोकं कुठे पाडायची, याच्या खुणा ग्रंथपालांनी पेन्सिलीने केल्या, खोडल्या, पुन्हा केल्या. शेवटी बायकोनेच ड्रिल हातात घेतलं. “सरका. तुमच्या खोडरबरानेच भोक पडेल आता.”

तारा जोडायचं काम मात्र त्यांचं. दांडीखाली चार बाजूंना चार छोटे स्विच होते. ग्रंथपालांनी सूचनांचा कागद वाचला, चष्मा पुसला, परत वाचला. मग वरच्या स्विचची तार बोर्डावर ‘वर’च्या जागी, खालची ‘खाली’च्या, डावी डावीकडे, उजवी उजवीकडे. सोल्डरचा थेंब चकाकून घट्ट व्हायचा, तसा त्यांच्या जिवात जीव यायचा. तार कापताना हात धजावत नसे. चुकून आखूड झाली तर? म्हणून प्रत्येक तार त्यांनी वीतभर जास्तच ठेवली. पेटीत शेवयांसारखा गुंता झाला.

तोच जुना खेळ उतरवून घेतलेल्या घरच्या कॉम्प्युटरला त्यांनी पेटी जोडली. पाणबुड्या पडद्यावर आला. ग्रंथपालांनी दांडी खाली ओढली आणि तो टुणकन वर गेला. वर ढकलली, तर पठ्ठ्या थेट तळाला. डावीकडे न्यावं तर उजवीकडच्या खडकावर टक्कर. श्वास घ्यायला वर आणायला गेले आणि बिचारा तळाशीच गुदमरून मेला.

 ग्रंथपालांनी कागद ओढला आणि लिहायला घेतलं, ‘ताई, मी प्रयत्न केला, पण...’

“पण काय?” बायको मागून वाचत होती. “काय बिघडलंय?”

“सगळंच उलटं झालंय. वरचं खाली, डाव्याचं उजवं.”

“एखादं तरी सरळ?”

“एकही नाही. सगळं म्हणजे अगदी सगळं...”

आणि ते बोलता बोलता थांबले. वाचनालयात एकदा एक बाई तणतणत आल्या होत्या. पुस्तकाचं कव्हर सरळ आणि आतली सगळी पानं उलटी, बांधणीवाल्याची करामत. ‘परत पाठवा हे!’ त्या म्हणाल्या. ग्रंथपालांनी पुस्तक फक्त उलटं करून त्यांच्या हातात दिलं होतं. आत एक अक्षरही चुकलेलं नव्हतं.

“स्क्रू ड्रायव्हर!” ते ओरडले. बायको दचकलीच. त्यांचा एवढा मोठा आवाज तिने प्रथमच ऐकला होता.

दांडी वर ढकलली की पेटीच्या आतलं तिचं टोक उलट दिशेला, खाली जातं आणि खालचा स्विच दाबतं. एवढंच होतं! त्यांनी पेटीतले चार स्क्रू काढले, अख्खी दांडी तारांसकट अर्धी फिरवली आणि स्क्रू पुन्हा आवळले. एक तार कापावी लागली नाही की एक सांधा सोडवावा लागला नाही. भीतीपोटी लांब ठेवलेल्या त्या वीतभर तारा फिरवताना आरामात पुरल्या.

आता वर म्हणजे वर. पाणबुड्या मोती घेऊन सुळकन पृष्ठभागावर आला आणि त्याने श्वास घेतला. ग्रंथपालांनीही.

“नीट तपासून मगच पाठवतो,” ते म्हणाले. तपासणी त्या दुपारी चालली, दुसऱ्या दुपारीही चालली.

“तपासणीच चाललीय ना?” बायको दारातून विचारायची.

“बटणं बघतोय.”

खेळताना त्यांना कळलं, की इतकी वर्षं नुसतं उभं राहून बघितलेलं काही वाया गेलेलं नव्हतं. कुठला खेकडा कधी वळतो, बुडबुडा कुठून निघतो, सगळं डोळ्यांना ठाऊक होतं. सातव्या गुहेत वाम आली. ताई दरवेळी इथे पळायची. पण पळणाऱ्याच्याच मागे वाम लागते, हे पर्स धरून उभ्या असलेल्या माणसाला कधीच दिसलं होतं. फक्त सांगायचा धीर झाला नव्हता. आपण कोण सांगणारे, असं वाटायचं. ग्रंथपालांनी दांडी सोडून दिली. पाणबुड्या दगडासारखा निश्चल राहिला. वाम त्याच्या नाकासमोरून निघून गेली.

पडद्यावर गुहेचं दार उघडलं आणि पलीकडे लख्ख निळं पाणी दिसलं.

“अगं ये! लवकर ये!”

बायको पिठाच्या हातांनी धावत आली. पडदा बघून तिने नवऱ्याच्या पाठीत असा धपाटा घातला, की शर्टावर पाची बोटं उठली.

अर्धवट लिहिलेला कागद त्यांनी फाडला आणि नवा घेतला.

‘ताई, हो. जमलं. पेटी सोबत आहे. सातव्या गुहेत वाम आली की पळू नकोस, जागच्या जागी थांब. मी पार करून आलोय. पलीकडे काय आहे ते सांगत नाही, तू स्वतः बघ. तुझा पुस्तक्या.’

पोस्टात खिडकीपलीकडच्या कारकुनाने पार्सल हलवून पाहिलं. “आजोबा, नाजूक वस्तू आहे का आत?”

“छे!” ग्रंथपाल म्हणाले, आणि रांगेतल्या शेवटच्या माणसानेही मान वर केली. “चांगली दणकट आहे. मी स्वतः केलीय. मारा शिक्का!”

शिक्का दणदणीत बसला.