साफ केलेला चेहरा

पेन्सिलबाई हे नाव त्यांना गिऱ्हाइकांनी दिलं. नाव ठेवायला लोकांना कुठे मुहूर्त लागतो? नवऱ्याचा फोटो स्टुडिओ होता. पुढच्या खोलीत फोटोवाले माणसांना हसवून फोटो काढायचे आणि मागच्या खोलीत, खिडकीपाशी, बाई निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल फिरवत त्याच माणसांचे चेहरे साफ करायच्या. मुरुम, डाग, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं गायब. एका काकूंनी तर स्वतःचा फोटो बघून, "अगंबाई, मी अशी दिसते होय?" म्हणत घरच्यांसाठी आणखी प्रती मागितल्या होत्या.

लोक म्हणायचे, बाईंचा स्वतःच्या हातावर केवढा विश्वास! कसला विश्वास नि कसलं काय. विश्वास असता तर बाई एकदा काम करून उठल्या असत्या. नव्या नवरीपणी त्यांनी केलेला पहिलाच फोटो एका गिऱ्हाइकानं भरल्या दुकानात परत फेकला होता. "तोंडाला काय फासलंय हे? कुणाचं काम?" तेव्हापासून बाईंनी मनाशी ठरवलं, की चूक काढायला कुणाला जागाच ठेवायची नाही. मग काय, झालेल्या कामावर पुन्हा काम. भिंग लावून बघायचं, उठायचं, पुन्हा येऊन बसायचं. शेवटी फोटोवाले येऊन हातातून निगेटिव्ह काढून घ्यायचे आणि म्हणायचे, "अगं बास. घरच्यांना माणूस ओळखू येऊ दे."

पण दिवस सुखाचे होते. डार्करूममधला तो आंबूस वास, दोरीवर चिमट्यांनी लटकवलेले ओले फोटो, पडद्यामागून ऐकू येणारी फोटोवाल्यांची शीळ. फोटोवाल्यांच्या चेहऱ्यावर लहानपणी आलेल्या देवीचे व्रण होते, चांगले गालभर. त्यांना त्याचं काही नव्हतं. "देवानं चेहरा दिला, वर जाळीची नक्षी फुकट दिली," असं स्वतःच सांगून गिऱ्हाइकांना हसवायचे. लेक लहान होती. दुपारी दुकान थंड असलं की ती त्यांच्या मांडीवर बसून गालावरच्या एकेका खड्ड्यात बोट टेकवत बसायची, आणि हे बाबा डोळे मिटून पडून राहायचे.

मग एकदा शोकेसमध्ये लावायला फोटोवाल्यांचाच फोटो काढायचं ठरलं. जन्मात पहिल्यांदाच ते कॅमेऱ्यापुढे, हौसेनं कोट घालून बसले. निगेटिव्ह बाईंच्या हातात आलं, आणि बाईंना तो परत फेकलेला पहिला फोटो आठवला. रस्त्यावरून येणारा-जाणारा हा फोटो बघणार. म्हणणार, बाईला घरच्या माणसाचं तोंड धड करता येत नाही, आमचं काय करणार? बाईंनी बैठक मारली. या वेळी हातातून निगेटिव्ह काढून घ्यायला कुणी आलं नाही, कारण काम कडी लावून चाललं होतं. एकेक व्रण भरला. गाल असे झाले की माशी बसली तर घसरावी.

फोटो लागला आणि गिऱ्हाइकांची रीघ लागली. "फोटोवाल्यापेक्षा फोटो देखणा," असं जो तो म्हणायचा, आणि फोटोवालेही सगळ्यांबरोबर हसायचे. फक्त त्यानंतर ते कधी कॅमेऱ्यासमोर आले नाहीत. लेकीच्या लग्नातसुद्धा सगळ्यांचे फोटो काढत फिरले, पण स्वतः मागेच. "अहो, एका तरी फोटोत या," असं बाई म्हणाल्या, तर हसून म्हणाले, "नको. तुला उगाच काम पडतं." जाळीच्या नक्षीचा विनोदही बंद झाला. बाईंना वाटलं, वय झालं, माणूस गंभीर झाला.

फोटोवाले गेले. स्टुडिओ त्याआधीच बंद पडला होता आणि निगेटिव्हं भंगारात गेली होती. लेकीला घरात लावायला बाबांचा मोठा फोटो हवा होता. उभ्या घरात त्यांचा फोटो एकच, शोकेसमधला. तिनं तो मोठा करून आणला, आईच्या मेजावर ठेवला, आणि बराच वेळ बघत राहिली.

"आई, हे बाबा नाहीत गं."

बाईंनी चष्मा लावून बघितलं. कोट त्यांचा होता, बसायची ढब त्यांची होती. चेहरा मात्र एखाद्या भल्या परक्या माणसाचा होता. "तुला उगाच काम पडतं" या शब्दांचा अर्थ बाईंना आत्ता, इतक्या उशिरा लागला. त्या माणसाला वाटलं होतं की बायकोला आपलं तोंड आवडत नाही. हे वाटणं पोटात ठेवून तो आयुष्यभर शीळ घालत राहिला.

"ते व्रण तूच काढलेस ना? मग तूच परत घाल," लेक म्हणाली.

"मला नाही जमायचं."

"तुला?"

"आजवर डाग पुसले, कधी पाडलेत का? एक जरी चुकीच्या जागी पडला तर होते तेही हातचे जातील. फोटो एकच आहे."

"याची आणखी एक प्रत काढता येईल. पण तू बसली नाहीस तर बाबा कशानं येतील?" लेकीनं दौत आणि बारीक कुंचला आईसमोर सरकवला.

बाईंनी कुंचला शाईत बुडवला. पहिला ठिपका नाकाशेजारी पडला आणि बाईंनी सवयीनं पुसायला ओला कापूस उचलला. लेकीनं मनगट धरलं. "राहू दे. जरा खाली गेलाय, पण राहू दे." मग तिनं डोळे मिटले आणि फोटोवरच्या गालावर बोट टेकवलं. "इथं एक होता. मोठा. त्याच्या बाजूला दोन बारके."

"तीन," बाई म्हणाल्या. "तिसरा कानाकडे."

मग मात्र हात थांबेना. एक गाल भरत आला. कुठे शाई जास्त झाली, कुठे कमी. बाईंच्या साऱ्या आयुष्यात इतकं ओबडधोबड काम त्यांच्या हातून झालं नव्हतं. लेक मागे सरकून बघू लागली, आणि तिच्या तोंडून हळूच शब्द गेला, "बाबा."

बाईंनी कुंचला खाली ठेवला. ओल्या शाईला धक्का न लावता त्यांनी फोटो जवळ घेतला.

"असेच होते," त्या म्हणाल्या. "आणि मला असेच आवडायचे. सांगायचं तेवढं राहून गेलं गं."