माझ्या जागी आलेला हात

मी हात बोलतोय. घाबरू नका, भुताचा नव्हे, प्लास्टिकचा. डावा.

माझा जन्म पाराग्वेतल्या इताउग्वा गावात, रुफिनोच्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानात झाला. थ्री-डी प्रिंटरवर मला छापताना वीज तीनदा गेली, म्हणून माझी करंगळी जरा वाकडी. रुफिनोच्या बहिणीचा, एलादियाचा, डावा पंजा उसाच्या चरकात गेला होता. उरलेल्या हाताचा एक स्नायू तिने आवळला की मी मूठ मिटायचो, दुसरा आवळला की उघडायचो. सांगितल्याशिवाय मी काहीही सोडत नसे. एकदा मी बैल धरून ठेवला होता. बरं, कोंबडी होती. पण मोठी होती.

दोन वर्षं तिची लेस विणायची चौकट मीच धरली. सुखाचा संसार होता.

मग रुफिनोने माझे आराखडे साऱ्या जगाला फुकट खुले केले. घरातली गोष्ट अशी चव्हाट्यावर मांडतात का? कुणी कुठे अंगठा सुधारला, कुणी वजन घटवलं, कुणी स्नायू सैल पडला की मूठ आपोआप उघडायची सोय केली. ते सगळं जोडून रुफिनोने नवा हात छापला. सडपातळ, करंगळी सरळ. मेला! एलादिया त्याला लावून आरशात बघत होती. मला कधी आरसा दाखवला नाही. आठवडाभर वापरून बघते, म्हणाली, बरा वाटेल तो ठेवीन. मी फळीवर गेलो.

रविवारी अंगणात तेरेरे, म्हणजे पाल्यावर गार पाणी ओतून होणारा आमचा थंड चहा, प्यायला सगळे जमले. एलादियाची सासू तोमासा शिंगाच्या एकाच पेल्यात बर्फाचं पाणी ओतून एकेकाला देत होती. आमच्याकडे पेला हाती आला की माणूस आधी बोलतो, मग पितो. एलादिया तर शेजारणीच्या मोडलेल्या लग्नाच्या गोष्टीत शिरली.

"अगं बये, तो माइक नाही. पी आणि इकडे दे," तोमासा म्हणाली.

एलादिया हसली, स्नायू सैल पडला आणि नव्या हाताने पेला सोडला. पाणी थेट सासूच्या मांडीवर. मी आनंदाने फळीवरून पडता पडता वाचलो.

"जुन्याने नसता सोडला," एलादिया म्हणाली. झालं, मी जिंकलो!

रुफिनोने मला उतरवलं, संगणकाला जोडलं, माझी न सोडायची सवय काढून घेतली आणि नव्यात घातली. वर जगालाही वाटली. मला थोपटत म्हणाला, "म्हाताऱ्या, नाव काढलंस."

एलादियाने नव्यालाच ठेवलं. आता तो अगदी माझ्यासारखा घट्ट धरतो, त्यानेच माझी जास्त आग होते.

जगाचं भलं झालं म्हणतात. तुम्ही म्हणा खुशाल. मला जग नको होतं. तिचं एक कोपर पुरलं असतं.