सात खुंट्या

नांदखारच्या शाळेत शनिवारी पाढे म्हणायचे नाहीत, असा दिनानाथ मास्तरांचा दंडक होता. त्या सकाळी 'उद्याची शाळा' भरे. ज्याला पुढे जे व्हायचे असेल, ते त्याने त्या दिवसापुरते होऊन दाखवायचे. पोस्टमास्तर होणारा भिकू घरच्या तराजूत चिठ्ठ्या तोली. मोजणीदार होणारा चंदर काथ्याची दोरी घेऊन शाळेमागचे मिठागर मोजायला जाई आणि गणित चुकले की पोरे ओरडत, "सायब, अर्धा आगर खाडीत गेला!" पुस्तक दिसताच ज्यांच्या पोटात दुखायचे, ती पोरे शनिवारी मास्तरांच्या आधी शाळेत हजर असत.

दप्तरे अडकवायला भिंतीत लाकडी खुंट्या होत्या. प्रत्येक खुंटीला दोऱ्याने पुठ्ठ्याची एक चिठ्ठी टांगलेली, तिच्यावर पोराचे नाव आणि पुढचा धंदा. एकतीस खुंट्यांपैकी सात मुलींच्या होत्या. मिठागरावरच्या आगरी वस्तीतून सात मुली शाळेत आणताना मास्तरांच्या वहाणा झिजल्या होत्या, आणि त्यांना त्याचा अभिमान होता. जरा जास्तच होता, हेही सांगून टाकलेले बरे.

या सातांत गोदू सगळ्यांत पुढे. नामा आगऱ्याची थोरली पोर, अकरा वर्षांची, अंगाने काटकी. धाकटी ठमी जन्मली त्या दिवशी त्यांची आई गेली. खाडीला ओहोटी होती, होडी चिखलात रुतली आणि अलिबागचा दवाखाना होता तिथेच राहिला. गोदूच्या चिठ्ठीवर 'नर्स' असे लिहिलेले होते. शब्द मास्तरांनी दिला होता, पण हट्ट तिचा होता.

"मास्तर, अडलेल्या बाईला दवाखान्यात काय करतात?" तिने एकदा भर वर्गात विचारले.

मास्तर कानापर्यंत लाल झाले. पण प्रश्न टाळणारा तो माणूस नव्हे. त्यांनी दवाखान्यातल्या नर्सबाईंना पत्र धाडले आणि उत्तर आले ते वर्गात वाचले. पहिलेच वाक्य होते, 'आधी पाणी उकळावे व हात स्वच्छ धुवावेत.' तेव्हापासून गोदू कुणाच्या गुडघ्याला खरचटले तरी आधी ओरडे, "हात धू रे!" आणि मग बिचाऱ्या भिकूच्या गुडघ्यासाठी डोक्यापर्यंत पट्टी बांधी.

१९३० सालच्या माघात वर्तमानपत्रात बातमी आली. एप्रिलच्या एक तारखेपासून चौदा वर्षांच्या आतल्या मुलीचे लग्न लावणाऱ्याला शिक्षा होणार. मास्तरांनी ती तीनदा वाचली. दरवर्षी एखादी शहाणी पोर हळद लावून वर्गातून उठून जाई आणि यांना नुसते बघत बसावे लागे. आता सरकारच पाठीशी उभे राहिले होते.

शनिवारी त्यांनी त्या बातमीचाच धडा केला. प्रत्येक मुलीने पटावरचे आपले वय पाहायचे, चौदा पुरी व्हायला किती दिवस राहिले ते वजाबाकीने काढायचे आणि ती तारीख चिठ्ठीवर धंद्याखाली लिहायची. वजाबाकी एवढ्या हौसेने पोरींनी कधी केली नव्हती. गोदूचे उत्तर पहिले आले, दोन वर्षे, नऊ महिने, चार दिवस.

"तोवर तुम्ही शाळेच्या," मास्तर म्हणाले. "घरी जाऊन सांगा बरं का. सगळ्यांना सांगा."

पोरी आज्ञाधारक होत्या. त्यांनी सगळ्यांना सांगितले.

सोमवारी नामा शाळेच्या पायरीशी येऊन उभा राहिला. पायांना मिठागराचा चिखल तसाच.

"मास्तर, गोदू म्हनते ते खरा काय? एप्रिलपासून पोरींची लगना बंद?"

"बंद नाही रे, चौदाच्या आत बंद. एक तारखेपासून."

"आनि त्याच्या आदी केला तं?"

"आधी केलं तर कायदा काय करणार?" मास्तरांनी वर्तमानपत्राची घडी घालत खरे ते सांगितले.

नामा मान डोलावून गेला. मास्तर त्या संध्याकाळी खुशीत होते. आपण काय बोलून बसलो, हे त्यांना आठ दिवसांनी कळले, पहिल्या मुलीच्या दारात मांडव पडला तेव्हा.

मग धडाका सुरू झाला. उजवायचे राहून गेले तर पोर तीन वर्षे घरात, आणि बापाला बेडी! वस्तीला दुसरे काही सुचेना. आगऱ्यांच्या लग्नाला भटजी नसला तर चालते, धवलारीण मात्र हवी. तिने धवले गाऊन देवांना मांडवात बोलावले की लग्न लागले. नांदखारची धवलारीण म्हणजे नामाची थोरली बहीण, विधवा कृष्णाबाई. त्या फाल्गुनात अठरा दिवसांत तिने सात लग्ने गायली. शेवटी घसा बसला, तेव्हा मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करून गायली. शेवटचे लग्न गोदूचे होते.

मास्तर नामाच्या घरी गेले, हात जोडले. नामा रागावला नाही. तो गरीब माणूस, तोही हात जोडूनच बोलला.

"पोरीला माय न्हाय, मास्तर. उद्या मना काय झाला तं? तीन वरसां कोन राखंल? आनि एप्रिलनंतर बेडी, ह्या तुमीच सांगितला नं?"

मास्तर आल्या वाटेने परतले. करायला गेलो काय आणि झाले काय!

हळदीच्या दिवशी गोदू शाळेत आली. कपाळ, हात सगळे पिवळे. दप्तर न्यायला आली होती. खुंटीपर्यंत गेली, चिठ्ठीवरच्या तारखेकडे पाहिले आणि दप्तर तसेच ठेवले.

"ऱ्हाव द्या मास्तर. चौदाची झाले का येईन नं मी? मंग लागंल."

नवरा सव्वीस वर्षांचा होता. खाडीच्या वरच्या अंगाला त्याचे गाव. पुढच्याच महिन्यात सगळा मुलूख मूठभर मिठासाठी तुरुंगात जाऊ लागला. नांदखारच्या मिठागरातून सात पोरी गेल्या, त्यांच्यासाठी कुणी तुरुंगात गेले नाही.

मास्तरांनी चिठ्ठ्या काढल्या नाहीत. खाडीवरचा वारा खिडकीतून आला की त्या भिंतीवर टकटक वाजत. मास्तर फळ्याकडे तोंड करून लिहीत असले तरी त्यांना कळे, ही कोणाची वाजली. शनिवारची शाळा त्यांनी चालू ठेवली, पण पोरांना 'घरी जाऊन सांगा' म्हणायचे मात्र सोडले.

दोन वर्षांनी, पौषात, कृष्णाबाई दुपारची शाळेत आली. पायरीवरच बसली. तिचा आवाज एरवी दोन आळ्यांपलीकडे जायचा, आता समोरच्याला ऐकू येत नव्हता.

"गोदू गेली, मास्तर. परवा."

मास्तर तिच्याजवळ खालीच बसले.

"दोन दिस अडली व्हती. म्यां व्हते उशाला. सुईन गोठ्यातशी आली, शेनाचे हात तसेच. पोर म्हनते, 'आते, तिला हात धुवाया सांग. आदी पानी उकल.' येकदा न्हाय, धा वेला म्हनली. सासू म्हनते, पोरीला वात झालाय, बरलते. म्यां पन न्हाय ऐकला. येवरुशा पोरीचा काय ऐकाचा, सांगा!"

बाळही राहिले नव्हते.

"चूक माझी आहे, कृष्णाबाई," मास्तर म्हणाले. "मी तो धडा दिला नसता तर नामाला घाई सुचली नसती."

"तुमी बातमी वाचली," ती म्हणाली. "देवाला मांडवात बोलावला तो म्यां. आता तोंड उघडते तं धवला येत न्हाय. तिचा बोलनाच येतं."

बाळंतपणात मेलेली बाई हडळ होऊन परत येते, अशी समजूत. म्हणून स्मशानातून येताना वाटेवर राळ्याचे बारीक दाणे पसरतात. दाणा न् दाणा वेचल्याशिवाय तिला पुढे येता येत नाही, आणि वेचता वेचता पहाट होते. गोदू सासरी मेली, तरी माहेरच्या लोकांनीही नांदखारच्या वेशीवर राळे पसरले. संध्याकाळी मास्तरांच्या तळव्यांना ते चिकटले आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. जिवंत होती तेव्हा पोरीला घालवण्याची घाई, मेल्यावर तिने येऊ नये म्हणून बंदोबस्त! मास्तर शिकलेला माणूस, भुतेखेते मानणारा नव्हे. पण ती यावी असे त्यांना वाटले. यावी आणि आपले दप्तर मागावे.

पोरे त्या खुंटीजवळ जाईनाशी झाली. एके सकाळी हजेरी घेताना मास्तरांच्या तोंडून जुन्या सवयीने नाव निघून गेले, "गोदावरी नामा."

पोरांनी एकदम त्या खुंटीकडे पाहिले.

"हजर, मास्तर," मागून आवाज आला.

मास्तरांच्या हातून शाई पटावर सांडली. ठमी उभी होती. दहा वर्षांची, बहिणीच्या लग्नानंतर शाळेत आलेली, तशीच काटकी. त्या खुंटीला न घाबरणारी वर्गात ती एकटीच. बहिणीचे दप्तर ती रोज पुसून ठेवी.

फाल्गुन लागला आणि ठमी यायची थांबली. चंदरने खाली मान घालून सांगितले, "तिचा लगीन हाय, मास्तर. गोदूच्याच नवऱ्याशी."

नाते तुटू नये म्हणून मेलीच्या जागी धाकटी द्यायची. रीतच ती. व्याह्यांनी मागितली, नामाला नाही म्हणवेना. आणि कायदा? खाडीच्या पलीकडे संस्थान, तिथे म्हणे हा कायदा नाही. वऱ्हाड होडीत बसेल, पाणी ओलांडेल, तिकडच्या काठावर लग्न लागेल आणि संध्याकाळच्या भरतीला मंडळी माघारी. अर्ज लिहिला तरी अलिबागहून उत्तर येईतो पोर सासरी गेलेली असणार.

मास्तर सकाळीच धक्क्यावर जाऊन उभे राहिले. होडीत ठमी मुंडावळ्या बांधून बसली होती. नवरदेव पलीकडे वाट पाहत होता.

"नामा, गोदूला मी मारली," मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले. "तुझ्याइतकाच मी दोषी आहे. आता पुन्हा नको."

"वाटेतशी सरा, मास्तर. पानी चाललाय," नामा खाली पाहत म्हणाला. मग तो ओरडला, "बाय कुठं हाय? बायला बोलवा!"

कृष्णाबाई आली. लग्नाचे ठेवणीतले लुगडे तिने नेसले नव्हते. पदराखाली एक लहान मडके होते. लोकांना वाटले, अक्षता असतील. ती होडीत चढली नाही. तिने मडके नामाच्या हातात दिले.

"ह्या काय, बाय?"

"राले."

नामाचे तोंड उतरले.

"ठेव तुझ्यापाशी," ती म्हणाली. "दोन वरसांनी ठमीला जालून येशील, तवा वाटंवर पसराया लागतील. तवा धावाधाव नको. आताच घेऊन जा."

"बाय, लगनाच्या दिशी असा अभद्र..."

"अभद्र म्यां सात वेला गायले, नामा. गलं सुजंपर्यंत गायले. आता माझ्या तोंडातशी धवला निघाचा न्हाय. दुसरी धवलारीन आनशील तं आन. तिच्या दारात जाऊन मी गोदूचा मरान सांगंन. बगू कोन गाते!"

नामाने मडक्यात पाहिले. बारीक पिवळे दाणे, हळद लावल्यासारखे. मडके त्याच्या हातून निसटून धक्क्याच्या दगडावर फुटले, आणि तो मटकन खाली बसून पोरासारखा रडू लागला. दाणे ठमीच्या नि त्याच्या मधे पसरले होते. ठमी होडीतून उतरली आणि त्या दाण्यांवर पाय देत सरळ बापापाशी गेली. मुंडावळ्या तिने आपल्या हाताने सोडल्या.

सोमवारी ती शाळेत आली. गोदूचे दप्तर तिने खांद्याला लावले. मास्तरांनी नवी चिठ्ठी पुढे केली, तर म्हणाली, "हीच ऱ्हाव द्या. नाव तवढा बदला. मना पन नर्सच व्हयाचा हाय."

मास्तरांनी नाव बदलले. खाली गोदूची तारीख होती, ती अजून यायची होती. ती त्यांनी खोडली नाही.

त्या दिवसापासून त्यांनी एक नेम केला. वर्गात धडा द्यायच्या आधी तो घरोघर ओसरीवर बसून बापांना द्यायचा, आयांना द्यायचा, आणि शेवटी 'आधी केलं तर?' असे कुणी विचारले तर वर्तमानपत्राची घडी घालून उठायचे नाही. कृष्णाबाई बरोबर जाई. आता ती गात नव्हती, गोदूची हकीकत सांगत होती.

उरलेल्या सहा चिठ्ठ्या भिंतीवर अजून टांगलेल्या आहेत. शिक्षिका, पोस्टातली बाई, शिवणकाम, पुन्हा शिक्षिका. वारा आला की वाजतात. वाचकहो, तुमच्याही गावात शाळा असेल. एकदा आत जा, पटावरची नावे वाचा आणि खुंट्या मोजा. ज्या खुंटीला दप्तर नाही, ती कोणाची होती, एवढे विचारून या.