चौकोनाबाहेर

आमच्या मराठी मंडळाची वेबसाइट काढायचे ठरले तेव्हा जुने फोटो स्कॅन करून देण्याचे काम मी मागून घेतले. कलाभवनातून इंजिनियरिंगचा डिप्लोमा घेऊन मी रिफायनरीच्या ड्रॉइंग ऑफिसात नोकरी केली. जन्मभर नकाशे लहानमोठे केले. निवृत्तीनंतर संगणकही पद्धतशीर शिकलो. पण काम मागण्याचे खरे कारण वेगळे होते. ते म्हणजे स्नेहलता, माझी पत्नी.

मंडळाच्या बालवाडीत तिने वीसेक वर्षे काढली. कार्यकारिणीत तिचे नाव कधी आले नाही, सत्कारही कुणी केला नाही. ती तिथे होती याचा पुरावा काय तो फोटोंत. दरवर्षी स्नेहसंमेलन संपले की सर्वांचा एकत्र फोटो निघे आणि ओळी लावण्याचे काम तिचे. पाहुणे मध्ये, उंच माणसे मागे, मुले पुढे सतरंजीवर. सगळे मनासारखे झाले की ती धावत जाऊन कडेला उभी राही. त्यामुळे प्रत्येक फोटोत ती कडेलाच आहे, किंचित धापा टाकत असलेली.

"अमेरिकेत प्राचीलाही दिसतील म्हणता?" ती विचारी. प्राची आमची मुलगी.

"कुठेही दिसतील."

"मग बघेल तरी, आई रोज कुठे जायची ते."

फोटोंची सीडी मी विश्वंभरला नेऊन दिली. तो मंडळाचा चिटणीस. मांडवीजवळ त्याचा कॉम्प्युटर क्लास आहे. काही दिवसांनी त्याने बोलावले आणि नेहमीच्या गुजराती मिसळलेल्या मराठीत म्हणाला,

"बेसो ने काका. हे बघा, सगळे फोटो एकसारखे चौकोनी. एका फोटोवर काय करायचं ते सॉफ्टवेअरला दाखवून ठेवलं, बाकी अख्खं फोल्डर त्यानंच केलं. मी चहा पिऊन येईपर्यंत तयार."

पडद्यावर नीटस चौकोन मांडले होते. आडव्या फोटोचा चौकोन करताना सॉफ्टवेअरने मधला भाग ठेवून दोन्ही कडा कापल्या होत्या. स्नेहलता कुठेच नव्हती. एका फोटोत तेवढा तिचा उजवा हात कोपरापर्यंत उरला होता. ती डावखुरी, घड्याळ उजव्या मनगटावर बांधते, म्हणून ओळखला.

"विश्वंभर, आकार लहान करणे वेगळे आणि कापणे वेगळे. रुंदी ठरवून घे, उंची प्रमाणात येऊ दे. वर-खाली पांढरी पट्टी राहील, पण माणसे सगळी राहतील. मीच घरी करून आणतो."

"पट्ट्या बेकार दिसतात काका. आणि अध्यक्षांनी, सुभानरावांनी, पास पण केलं."

"कडेची माणसे गेली त्यात."

"कडेला कोण असतं? मधले पाहुणे आले, चालशे."

एवढ्यात माझी नजर एका चौकोनावर थांबली. त्यात सुभानराव होते. आज ते मंडळाचे अध्यक्ष आहेत. फोटो निघाला त्या वर्षी ते साधे सभासद होते आणि उशिरा येऊन अगदी डाव्या टोकाला उभे राहिले होते. मूळ फोटो मी स्वतः स्कॅन केलेला. चौकोनात मात्र ते पूर्ण दिसत होते आणि प्रमुख पाहुण्यांचा एक खांदा कापला गेला होता.

"हा कसा?"

"तो हातानं केला. चौकोन जरा डावीकडे सरकवला. साहेब दिसायला तर पाहिजेत."

"म्हणजे सरकवता येतो."

तो हसला. "तुम्ही इंजिनियर लोक सोडायचे नाहीत. काका, एकेक सरकवत बसलो तर क्लास कोण घेणार?"

"मी करतो म्हटले ना."

"आता राहू द्या. रविवारी उद्घाटन आहे."

घरी स्नेहलताला हे कसे सांगावे ते ठरेना, आणि रविवार आला.

सभागृहातल्या मोठ्या पडद्यावर एकेक फोटो येऊ लागला. स्नेहलता खुर्चीत पुढे सरकून बसली होती.

"पूर्ण उघडला नाही का हो अजून?" तिने हळूच विचारले.

"एवढाच आहे."

दोन-तीन फोटो गेले. "हा माझा हात," ती म्हणाली. मग सुभानरावांचा फोटो आला, टाळ्या पडल्या. "हे तर तेव्हा कडेला होते," एवढेच ती बोलली आणि खुर्चीच्या पाठीला टेकली.

कार्यक्रम संपल्यावर विश्वंभरने माइकवरून पुकारले, "काकू, जरा ओळी लावून द्या ना. तुमच्याशिवाय जमत नाही."

ती उठली. सुभानरावांना मध्ये बसवले, उंच माणसांना मागे धाडले, एका मुलीची रिबीन सारखी केली. नेहमीइतकेच मन लावून. फोटोग्राफरने कॅमेरा डोळ्याला लावला तेव्हा ती मंचाच्या पायऱ्या उतरून माझ्याशेजारी येऊन बसली.

"काकू, या ना. कडेला जागा आहे."

"काढा तुम्ही," ती म्हणाली. "कापायचं काम तेवढंच कमी."

दोघे-तिघे हसले. विश्वंभरही हसला आणि फ्लॅश चमकला. ओळीच्या टोकाला एका माणसापुरती जागा तिने सवयीने सोडलेली होती. तिथे कुणी सरकले नाही.