सशाच्या फरचा कोट

मी एक जुना फरचा कोट आहे, मित्रांनो, आणि ही फर सशाची आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण साठ वर्षं मला ते सांगता आलं नाही. कारागिराने सशाची कातडी तपकिरी रंगवली आणि मिंक नावाच्या महागड्या प्राण्याची फर म्हणून मला एका भोळ्या नवऱ्याच्या गळ्यात मारलं. त्याच्या बायकोने मला अंगात घातलं, तेव्हा शेजारणी बघतच राहिल्या. मीही हुरळून गेलो, खोटं कशाला बोलू?

तिला दोन मुली झाल्या. आईचा कोट मिंकचा, हे त्यांनी पाढ्यासारखं पाठ केलं. पुढे आई अंथरुणाला खिळली. धाकटीने सात वर्षं तिचं सगळं केलं. मोठी यायची ती घड्याळ बघत. कोट तुझा, असं आईने धाकटीला सांगितलं होतं. पण आई गेल्यावर मोठीने मला प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून उचलून नेलं. तीन वर्षं बहिणींचा अबोला होता आणि मी त्या पिशवीत कुजत होतो. फरला हवा लागते, हे त्या बाईला कोण सांगणार?

शेवटी माझी किंमत ठरवून भांडण मिटवायला दोघी मला जुन्या कपड्यांची पारख करणाऱ्या बाईंकडे घेऊन आल्या. बाईंनी माझे खांदे चाचपले, हुक पाहिले, खालपर्यंत शिवून बंद केलेलं अस्तर पाहिलं आणि माझं वय अचूक सांगितलं. मग माझ्या केसांत बोटं घातली. पुंजकाच हातात आला. ससा आहे, त्या म्हणाल्या. मोठीला हसू फुटलं. बिचाऱ्या आईला मरेपर्यंत कळलं नाही, असं ती म्हणाली.

बाईंनी अस्तर उसवलं. आत कातड्यावर बारीक टाक्यांची ठिगळं होती. टाके आईचे, हे धाकटीने लगेच ओळखलं. बाईंनी एक ठिगळ उचकटलं, तर त्याखाली कातडं फाटलेलं नव्हतंच. तिथे कातडी विकणाऱ्याचा शिक्का होता : ससा.

"त्यांना माहीत होतं," बाई म्हणाल्या. "शिक्का मुद्दाम झाकलाय."

होय, माहीत होतं. लग्नानंतर पाचव्या वर्षी अस्तर फाटलं, तेव्हा तिने तो शिक्का वाचला. नवऱ्याला वाईट वाटेल म्हणून झाकला आणि पुढेही मला तितक्याच तोऱ्याने मिरवलं. माझ्यावर खरी माया केली ती तिनेच.

धाकटी मात्र पांढरीफटक पडली. "सात वर्षं तिचं केलं मी," ती म्हणाली, "आणि जाताना जाणूनबुजून ससा दिला मला."

मोठीने तिच्या पाठीवर हात ठेवला. दोघी बोलत बोलत पायऱ्या उतरल्या. मला तिथेच टाकलं.

मित्रांनो, माझं कातडं आता कागदासारखं फाटतं. मला जपा, असं म्हणण्यात अर्थ नाही. पण तुम्हाला कोणी स्वतःची वस्तू दिली, तर ती कशाची आहे हे बघण्याआधी, देणाऱ्याने ती कशी जपली होती तेवढं विचारा. धाकटीने विचारलं नाही.