शुक्रवारी उघडणारी पेटी

जीवशास्त्र मी शिकवते, म्हणून ‘ते’ प्रकरणही माझ्याच गळ्यात पडलं. आधीचे सर ते ‘घरी वाचा’ म्हणून सोडून द्यायचे, आणि पोरं वर्षभरात तेवढं एकच प्रकरण खरोखर घरी वाचायची.

सोमवारी मी जिन्याखाली चिठ्ठ्यांची पेटी लावली. नाव लिहायचं नाही, काहीही विचारायचं. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, “लावा, पण आठवड्यातून एकदाच उघडा. रोज उत्तरं दिलीत तर सोकावतील.” मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मलाही ते सोयीचंच होतं. शुक्रवार ठरला. किल्ली मी पर्समध्ये टाकली.

शुक्रवारी एकवीस चिठ्ठ्या निघाल्या. मुरुमं, उंची, माझं वय. एकीवर मात्र मुद्दाम वाकड्या काढलेल्या अक्षरांत होतं: ‘काळजी न घेता झालं असेल तर ती गोळी किती दिवसांपर्यंत चालते?’

कोण, ते कळायला मार्ग नव्हता. सगळ्यांना सांगितलं तरच तिला कळणार होतं. बाईंना विचारलं असतं तर त्यांनी समिती नेमली असती, म्हणून विचारलं नाही. वरच्या चारही वर्गांत जाऊन फळ्यावर लिहिलं: जितकी लवकर तितकी बरी. बहुतेक गोळ्या तीन दिवसांच्या आत, काही पाच दिवसांपर्यंत. खाली दवाखान्याचा नंबर. मागच्या बाकांवर खिदळणं सुरू झालं. मी खडू हातात धरून नुसती उभी राहिले, तेव्हा थांबलं. नंबर कोण उतरवून घेतंय ते बघितलं नाही. बघायचं नाही असं ठरवलंच होतं.

बाईंनी बोलावून झाडलं. “पालकांना काय सांगू मी आता?”

“फळ्यावर होतं तेच सांगा.”

त्या दिवशी मी ताठ मानेनं घरी गेले. स्वतःवर बेहद्द खूश होते.

पुढच्या सोमवारी शुक्रवारची वाट न बघता पेटी उघडली. आत एकच चिठ्ठी होती. तीच वाकडी अक्षरं.

‘मॅडम, मी गेल्या सोमवारीच विचारलं होतं. तेव्हा दुसरा दिवस होता.’

मी जिन्याखालीच बसले. तो अख्खा आठवडा किल्ली माझ्या पर्समध्ये, जेवणाच्या डब्याशेजारी पडून होती.