आधी विचारा

"ताई, मी कमांड चालवली नाही हो! नुसतं विचारलं. तुम्हीच म्हणता ना, आधी विचारा?" नव्या ऑपरेटरने संगणकाकडे बोट दाखवलं. पडद्यावर एकच शब्द होता : 'झालं.'

अंध वाचकांसाठी पुस्तकं आवाजात उतरवणारं ते छोटंसं ग्रंथालय. तिथला संगणक एकवीस वर्षं सांभाळणाऱ्या ताईंना सगळे पाठीमागे 'विचाराबाई' म्हणत. कुणी शंका घेऊन आलं, की त्या मानही वर न करता फटकारत, "माझं डोकं कशाला खाता? त्यालाच विचारा. कमांडच्या पुढे दोन आडव्या रेघा मारा, हेल्प लिहा. पोपटासारखा बोलेल!"

नव्या ऑपरेटरने अगदी तेच केलं होतं. पण 'साफ' ही कमांड खुद्द ताईंनी लिहिलेली, घाईघाईत. मदत कशी सांगायची हे त्यांनी तिला शिकवलंच नव्हतं. त्या कमांडला प्रश्न कळलाच नाही. तिला येत होतं तेवढं तिने केलं : कच्च्या ध्वनिमुद्रणांचं फोल्डर पुसून मोकळी झाली.

त्यात ग्रंथालयासाठी वाचन करणाऱ्या आजोबांनी आपल्या आवाजात वाचलेली कादंबरी होती. सगळी, सव्वीस प्रकरणं. प्रत काढायची राहून गेली होती. आणि गेल्याच महिन्यात डॉक्टरांनी आजोबांचं स्वरयंत्र काढलं होतं.

"मदत लिहायला किती वेळ लागला असता?" ग्रंथालयाच्या साहेबांनी ताईंना विचारलं.

"चार ओळी. दहा मिनिटं." ताई हातातल्या पेनाचं टोपण काढत-लावत राहिल्या.

"मग चूक कुणाची लिहू? या नव्या बाईंची?"

"माझी लिहा साहेब. तिने विचारलं होतं. उत्तर द्यायचं माझ्याकडून राहिलं."

संध्याकाळी दोघी आजोबांच्या घरी गेल्या. ताईंनी सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. आजोबांनी सवयीने ओठ उघडले, मिटले. मग वाचताना वापरलेलं कादंबरीचं पुस्तक कपाटातून काढून त्यांनी ताईंच्या हातात दिलं. ओळीओळीत पेन्सिलीच्या बारीक उभ्या रेघा होत्या.

"या कसल्या?" ताईंनी विचारलं.

आजोबांनी छातीवर हात ठेवून खोल श्वास घेऊन दाखवला.

दुसऱ्या दिवशी ताई काचेच्या खोलीत माइकसमोर बसल्या. आवाज रखरखीत, उच्चार अडखळते. पण रेघ आली, की त्या थांबत. आजोबा जिथे थांबले होते, तिथेच.